अन्ननलिकेचा कॅन्सर : दोष रक्ताचा की उशिराचा?

अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेले दोन रुग्ण समजा. दोघेही पन्नाशीच्या पुढे-मागे, दोघांची गाठ अन्ननलिकेच्या मधल्या भागात, ऑपरेशन एकाच प्रकारचे. एक जण पाच वर्षांनीही वर्षावासात विहारात बसून ग्रंथवाचन ऐकतो, तर दुसरा वर्षाच्या आत जातो. असे का व्हावे? माकुणसार, केळवे, सफाळे, पालघर, बोईसर या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तरही तयार असते. "त्याच्या रक्तातच होतं. त्याच्या आजालाही घशाचाच आजार होता."

पूर्वी याला नशीब म्हणत. आता शिकलेली मुले मोबाइलवर वाचून 'जीन्स' म्हणतात. शब्द नवा आणि विज्ञानाचा आहे, पण वापरला जातो जुन्याच कामासाठी. जे झाले ते आधीच ठरलेले होते, करण्यासारखे काही नव्हते, म्हणून कुणाला जाब विचारायचा नाही, हे ते काम. त्यात आता काही खाजगी लॅबवाल्यांची भर पडली आहे. गाल आतून पुसून किंवा रक्त घेऊन 'कॅन्सरची जनुकीय तपासणी' करून देऊ म्हणतात, आणि हजारो रुपये घेतात.

माझे मत मी आधीच सांगतो. माणसामाणसांतले जनुकांचे फरक खरे आहेत. त्यांच्यावर जगभर चाललेले संशोधन मोलाचे आहे आणि ते व्हायलाच हवे. पण आज आपल्या वस्तीतला माणूस अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर किती जगेल, हे ठरवण्यात त्याच्या जन्मजात जनुकांचा वाटा थोडा आहे. तो किती उशिरा पोचला, कुठे पोचला, काय खाऊन पोचला आणि तंबाखू सोडून पोचला की नाही, याचा वाटा मोठा आहे.

हा आजार कसा पुढे सरकतो ते आधी पाहू, कारण अर्धे उत्तर तिथेच आहे. अन्ननलिका म्हणजे घशापासून पोटापर्यंत जाणारी, साधारण वीतभर लांबीची मऊ नळी. ती ताणली जाते. त्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी बरेच दिवस काहीच जाणवत नाही. पहिल्यांदा अडकते ती भाकरी. माणूस वर पाणी पितो आणि घास खाली ढकलतो. मग भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खातो. मग भातावर येतो, मग पेजेवर, मग चहावर. घरातले म्हणतात, वय झाले, दात राहिले नाहीत, पित्त झाले. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणल्या जातात, त्यांनी थोडे बरेही वाटते. याच काळात दहा-बारा किलो वजन उतरते आणि पॅन्टला दोरी बांधावी लागते. भाकरी अडकू लागली त्या दिवसापासून पेजेवर येईपर्यंतचे जे महिने, त्यांत गाठ नळीच्या भिंतीतून आरपार जाते आणि आजूबाजूच्या लिम्फच्या गाठींत पसरते.

भारतात दर वर्षी अन्ननलिकेच्या कॅन्सरचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण सापडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. याच अंदाजात त्या वर्षीच्या मृत्यूंचा आकडा जवळजवळ तितकाच, ६० हजारांच्या वर आहे. हे दोन आकडे इतके जवळ असण्याचे मुख्य कारण म्हणजे बहुतेक रुग्ण ऑपरेशनची वेळ टळून गेल्यावर येतात.

आता जनुकांकडे वळू. आपल्या पेशींत सुमारे २० हजार जनुके आहेत. शरीराला लागणारी प्रथिने कशी बनवायची, याच्या त्या सूचना. कोणत्याही दोन माणसांच्या सूचना जवळजवळ सारख्या असतात. कुठे कुठे एखादे अक्षर वेगळे असते. बहुतेक अक्षरांनी काही बिघडत नाही, काहींनी थोडा फरक पडतो, आणि फार थोड्यांनी मोठा.

मोठ्या फरकाचे एक उदाहरण जपान, चीन, कोरियाकडचे आहे. दारू शरीरात गेली की तिचे एका विषारी पदार्थात रूपांतर होते. ते विष निकामी करण्याचे काम एक प्रथिन करते, त्याच्या जनुकाला एएलडीएच-२ म्हणतात. तिकडच्या साधारण एक तृतीयांश लोकांत हे जनुक अधू असते. दोन घोट घेतले की त्यांचा चेहरा लालबुंद होतो. असा माणूस तरीही रोज पीत राहिला, तर त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे हा बदल क्वचितच आढळतो. म्हणून ताडी किंवा देशी आपल्याला चालते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. ते विष सगळ्यांच्याच शरीरात तयार होते, आणि तंबाखूबरोबर दारू असली की दोघांचा मिळून धोका कितीतरी वाढतो.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे. तिथल्या दोन कुटुंबांत हाता-पायांच्या तळव्यांची कातडी जाड होत असे आणि त्याच माणसांना पुढे अन्ननलिकेचा कॅन्सर होई. १९५८ साली डॉक्टरांनी ते लिहून ठेवले आणि २०१२ साली त्यामागचे जनुक सापडले. खऱ्या अर्थाने 'रक्तातला' म्हणावा असा अन्ननलिकेचा कॅन्सर हा, आणि तो जगात अगदी मोजक्या घरांत आहे. वीटभट्टीवर, मिठागरात किंवा होडीवर काम करून ज्यांच्या हातांना घट्टे पडले आहेत त्यांनी या उदाहरणाने घाबरू नये. ते घट्टे कष्टाचे आहेत.

तिसरे उदाहरण चीनचे. २०१० साली हजारो चिनी रुग्णांच्या अभ्यासातून दहाव्या गुणसूत्रावर एक बदल सापडला आणि त्याची मोठी चर्चा झाली. धोका किती वाढत होता? प्रत्येक प्रतीमागे दीडपटीच्याही आत. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांत तोच बदल तपासला, तर तिथे त्याचा आजाराशी संबंध दिसला नाही. एका देशातल्या लोकांवर केलेले संशोधन दुसऱ्या देशातल्या लोकांना जसेच्या तसे लागू होत नाही, हे इथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

हे सगळे झाले आजार होण्याबद्दल. ऑपरेशननंतर जगण्याबद्दल काय? यावरही बरेच अभ्यास झाले आहेत. पद्धत साधारण अशी असते. एखाद्या हॉस्पिटलातल्या दोन-तीनशे रुग्णांचे रक्त घ्यायचे. पेशींची दुरुस्ती करणारी, केमोचे औषध पचवणारी, सूज आणणारी अशी काही डझन जनुके पाहायची. मग कुठल्या अक्षराची माणसे जास्त जगली ते मोजायचे. आता गंमत पाहा. शंभर जणांना नाणे दहा-दहा वेळा उडवायला लावले, तर एखाद्याचा दहापैकी नऊ वेळा छापा येईलच. त्याच्या हातात काही खास आहे असे आपण म्हणत नाही, त्याला पुन्हा उडवायला लावतो. या अभ्यासांचेही तसेच होते. एका शहरात जे अक्षर जीव वाचवणारे वाटले, ते दुसऱ्या शहरातल्या रुग्णांत काहीच करत नाही. म्हणूनच अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या कोणत्याही मोठ्या उपचार-मार्गदर्शिकेत 'रुग्णाचे जन्मजात जनुक पाहून ऑपरेशन करायचे की नाही ते ठरवा' असे लिहिलेले नाही. हे संशोधक खोटे बोलतात असे मला म्हणायचे नाही. ते आपल्या लेखात शेवटी लिहितात की अजून मोठा अभ्यास व्हायला हवा. बाजार मात्र तेवढे शेवटचे वाक्य गाळून रिपोर्ट विकतो.

इथे आणखी एक घोटाळा होतो आणि तो घराघरांत फार नुकसान करतो. डॉक्टर सांगतात, "गाठीत जीन बिघडले आहे." घरचे ऐकतात, "घराण्यात जीन बिघडले आहे." या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आईबापाकडून येणारे जनुक शरीराच्या प्रत्येक पेशीत असते आणि ते मुलांकडे जाऊ शकते. गाठीतला बिघाड मात्र त्या माणसाच्या हयातीत, त्या एका जागी झालेला असतो. तंबाखूने, धुराने, दारूने, वर्षानुवर्षे भाजलेल्या जागी पेशी पुन्हा पुन्हा वाढताना होणाऱ्या चुकांनी. आपल्याकडच्या अन्ननलिकेच्या बहुतेक गाठींत टीपी-५३ नावाचे जनुक बिघडलेले आढळते. हा बिघाड गाठीतला असतो, तो लेकीकडे किंवा लेकाकडे जात नाही. असे असताना, बापाला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला म्हणून मुलीच्या सोयरिकीत खुसपट काढले जाते. समोरच्यांनी विचारले तर त्यांना हे समजावून सांगावे, लपवू नये. आणि लग्न मोडायलाच निघाले असतील, तर असल्या घरात मुलगी न दिलेलीच बरी, असे माझे म्हणणे आहे.

सिकलसेलचे उदाहरण आपल्या समाजाला माहीत आहे. विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांत आणि पालघरच्या आदिवासी पाड्यांत तो आजार आहे. तिथे एकाच जनुकातले एक अक्षर सगळे ठरवते. म्हणून तिथे लग्नाआधी दोघांचे रक्त तपासणे शहाणपणाचे आहे. तोच नियम अन्ननलिकेच्या कॅन्सरला लावता येत नाही. सगळेच जनुकांवर घालणारे आणि जनुकांना मुळीच न मानणारे, दोघेही हा फरक विसरतात.

रक्त आणि जात यांचा विषय निघालाच आहे तर मुंबईतला एक जुना इतिहास सांगतो. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी आणि त्यांचे सहकारी एल. डी. संघवी यांनी १९५०च्या सुमारास मुंबईतल्या, आपापसातच लग्ने करणाऱ्या सहा समाजांच्या रक्तगटांसारख्या सात आनुवंशिक गुणांची मोजणी करून ती प्रसिद्ध केली. म्हणजे जाती-जातींतले जनुकीय फरक मोजणारी ही अगदी पहिल्या काळातली माणसे. त्यांना वाटले असते, तर वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या जागी कॅन्सर का होतो, याचे उत्तर 'रक्त' असे देऊन ते मोकळे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. त्यात तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कॅन्सरचा संबंध त्यांनी तंबाखू चघळण्याशी आणि ओढण्याशी जोडून दाखवला. कोण काय चघळतो, कोण काय ओढतो, यावर कॅन्सर कुठे होणार ते ठरत होते. ज्यांनी जनुके मोजली त्यांनीच बोट तंबाखूच्या पुडीकडे दाखवले. पुढे १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी मुंबईत कॅन्सर रुग्णांची कायम नोंदवही सुरू केली. देशातली ती पहिली. त्यांनीही चघळणारे, ओढणारे आणि दोन्ही करणारे यांची तुलना करून तेच सांगितले.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरील निबंधात जातीचे मूळ वंशात नसून जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात आहे, अशी मांडणी केली होती. आज जनुकांच्या भाषेत कुणी 'अमक्या जातीचे रक्तच कमजोर' असे सुचवू लागला, तर त्याला हा निबंध आणि १९५५चा तो लेख, दोन्ही दाखवावेत.

मग ऑपरेशननंतरचे आयुष्य ठरते कशावर?

सगळ्यात आधी, गाठ कुठवर गेली आहे यावर. नळीच्या भिंतीच्या आत आहे की बाहेर, किती लिम्फच्या गाठींत पसरली आहे. ऑपरेशननंतर येणाऱ्या पॅथॉलॉजीच्या कागदावर हे लिहिलेले असते, आणि घरच्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला पाहिजे.

त्यानंतर, ऑपरेशनआधी काय दिले गेले यावर. नेदरलँड्समध्ये ३६६ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात निम्म्यांचे थेट ऑपरेशन केले. उरलेल्या निम्म्यांना आधी पाच आठवडे केमो आणि रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात ते, देऊन मग ऑपरेशन केले. २०१२ साली निकाल आला. थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्मे २४ महिन्यांत गेले होते. आधी उपचार घेतलेल्यांत तोच काळ ४९ महिन्यांवर गेला. आपल्याकडे ज्या प्रकारचा अन्ननलिकेचा कॅन्सर जास्त आढळतो, त्या प्रकारच्या रुग्णांत तर हा काळ २१ महिन्यांवरून ८१ महिन्यांवर गेला. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात शंभरातले २५ जण हयात होते, दुसऱ्या गटात ३८. आजवर सापडलेल्या कोणत्याही जन्मजात जनुकाच्या अक्षराने इतका फरक पडल्याचे कुणी दाखवलेले नाही. म्हणून डॉक्टर "आधी पाच आठवडे शेक आणि केमो, मग ऑपरेशन" म्हणाले, तर "गाठ लवकर काढून टाका" असा हट्ट धरू नये आणि शेक अर्धवट टाकून गावी परतू नये. मी पाहिले आहे, तिसऱ्या आठवड्यात खाणे थोडे सुटसुटीत होते, घास उतरू लागतो, आणि रुग्ण म्हणतो, "आता बरं वाटतंय, राहू दे." तिथेच घात होतो.

ऑपरेशन करणारे हात आणि हॉस्पिटल कोणते, यावरही बरेच अवलंबून असते. अन्ननलिकेचे ऑपरेशन हे शरीरावरच्या सगळ्यात मोठ्या ऑपरेशनांपैकी एक आहे. छाती आणि पोट दोन्हीकडे काम असते. अन्ननलिका काढून पोटाचीच नळी करून ती वर गळ्याकडे जोडतात. जोड सुटला किंवा फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया झाला, तर जीव जातो. अमेरिकेत २००२ साली वेगवेगळ्या प्रकारच्या २५ लाख ऑपरेशनांचा हिशेब मांडला गेला. त्यात असे दिसले की अन्ननलिकेची ऑपरेशने फार कमी होतात अशा हॉस्पिटलांत मृत्यूचे प्रमाण, ती भरपूर होतात अशा हॉस्पिटलांपेक्षा शंभरामागे पाचहून अधिक होते. तेव्हा जवळचे छोटे हॉस्पिटल "आम्ही करून देतो" म्हणाले, तर एकच प्रश्न विचारावा : वर्षाला तुमच्याकडे अशी किती ऑपरेशने होतात? विचारताना लाजू नये. गवंडी ठेवतानासुद्धा आपण आधी किती घरे बांधली ते विचारतोच.

शेवटचा भाग आपल्या हातातला आहे आणि तो नेमका घरात होतो. ऑपरेशन ठरल्या दिवसापासून तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी पूर्ण बंद. 'कमी केली' चालत नाही. फुप्फुसे साफ व्हायला आठवडे लागतात. तीन चेंडू वर ओढायचे श्वासाचे यंत्र देतात, ते टेबलावर शोभेला ठेवण्यासाठी नसते. दर तासाला दहा वेळा ओढायचे, रोज अर्धा तास चालायचे. खाणे हा तर स्वतंत्र उपचार आहे. अंडी, डाळीचे घट्ट पाणी, दूध, मऊ शिजवलेली मासळी, शेंगदाण्याचे कूट, नाचणीची आंबील. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना बोंबील आणि मांदेली तरी परवडते. घास अजिबात उतरत नसेल, तर डॉक्टर आतड्यात नळी घालून अन्न देतात. ती नळी म्हणजे शेवट आला, असे समजून नकार देणारी घरे मी पाहिली आहेत. खरे तर तीच नळी अंगावर मांस टिकवून रुग्णाला ऑपरेशनपर्यंत नेते. ऑपरेशननंतर दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खायचे, खाल्ल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही, झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. गोड पेय एकदम प्यायल्यास घाम येऊन चक्कर येते, म्हणून ते टाळायचे.

एवढे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग दोष रुग्णाचाच झाला. नाही. २०१२पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही शाळेपासून हाकेच्या अंतरावर पुडी मिळते. हा दोष रुग्णाच्या रक्ताचा नाही. पालघर २०१४ साली जिल्हा झाला, पण अन्ननलिकेच्या ऑपरेशनसाठी माकुणसारच्या माणसाला अजून मुंबईच गाठावी लागते. पहाटे सफाळ्याला किंवा केळवे रोडला यायचे, डहाणू लोकल पकडायची, दादरला किंवा प्रभादेवीला उतरून परळपर्यंत जायचे. बरोबर एक धडधाकट माणूस हवा, म्हणजे दोन रोज बुडाले. कंपनीत कंत्राटी असेल तर तिसऱ्या खाड्याला गेटपास बंद होतो. पाच आठवडे शेक घ्यायचा म्हणजे महिनाभराची मजुरी गेली. उपचार अर्धवट सुटतात ते इथे. जनुकांवर बोलणाऱ्या कोणत्याही व्याख्यात्याला विचारावे, या गाडीभाड्याचे जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे?

बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या धुराने आणि नाल्यांतल्या पाण्याने हा कॅन्सर होतो का, असेही लोक विचारतात. ते प्रदूषण मोठे आहे. २०१८ सालच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या गुणांकनात देशातल्या औद्योगिक वसाहतींत तारापूर सगळ्यात वाईट ठरले. त्याविरुद्ध लढायलाच हवे. पण अन्ननलिकेपुरते बोलायचे तर जगभरचा पुरावा तंबाखू, दारू, फळे-भाज्यांची कमतरता आणि अतिगरम पेये यांच्याकडे बोट दाखवतो. ६५ अंशांपेक्षा गरम चहा-पेये 'बहुधा कॅन्सरकारक' असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ साली जाहीर केले. शेगडीवरून उतरवलेला चहा बशीत ओतून पिणाऱ्या आपल्या आज्या शहाण्या होत्या.

जमेल तेवढी सोय करून घ्यावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. वर्षाला प्रति कुटुंब पाच लाखांपर्यंत खर्च मिळतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटावे, किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येते, त्यासाठी हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवावा. शेक चालू असताना मुंबईत राहायचे असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी टाटाच्या रुग्णांची सोय होते. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागाला विचारावे. आणि आपल्या विहारांच्या समित्यांनी जयंतीच्या वर्गणीतून दर वर्षी थोडी रक्कम रुग्णाबरोबर जाणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या रोजासाठी बाजूला काढावी, असा माझा आग्रह आहे. डीजेचा एक तास कमी झाला तरी चालेल.

जनुकांची एक तपासणी मात्र खरोखर विचारण्याजोगी आहे. केमोत ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन हे औषध ठरले असेल, तर ते शरीरात पचवणारे एक प्रथिन असते. त्याच्या जनुकाला डीपीवायडी म्हणतात. थोड्या लोकांत हे जनुक अधू असते. त्यांना नेहमीचा डोस दिला, तर तोंडभर फोड येतात, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जीव जाऊ शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली शिफारस केली की हे औषध देण्याआधी तपासणी करावी. पण तिथल्या तपासणीत जे चार बदल पाहतात, ते युरोपीय लोकांत सापडलेले आहेत. चीनच्या संशोधनाचे दक्षिण आफ्रिकेत जे झाले तेच इथेही होऊ शकते. रिपोर्ट 'ठीक' आला तरी पहिल्या केमोनंतरच्या दहा-बारा दिवसांत तोंड आले, ताप आला किंवा जुलाब लागले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचे. पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

या शेवटच्या मुद्द्यावरून आपल्याला संशोधनाकडे पाठ फिरवता येत नाही हेही कळते. तपासण्या युरोपच्या रक्तावर बेतल्या गेल्या, कारण अभ्यास तिथल्या लोकांचा झाला. आपला झाला नाही, तर आपल्यासाठीचे औषध कधी ठरणारच नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली जीनोम इंडिया हा प्रकल्प सुरू केला. त्यात देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या सुमारे १० हजार लोकांची जनुके वाचली गेली आणि जानेवारी २०२५मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. चांगले झाले. हॉस्पिटलात उद्या आपल्यालाही कुणी विचारेल, तुमच्या गाठीचा तुकडा किंवा थोडे रक्त संशोधनासाठी ठेवू का?

माझ्या मते 'हो' म्हणावे, पण फॉर्म मराठीत मागून, घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घेऊन. नमुना कशासाठी वापरणार, नाव झाकले जाणार की नाही, तो कुणाला दिला जाणार, आणि उद्या आपले मन बदलले तर तो परत घेता येईल का, एवढे विचारावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नियमांनुसार संशोधनाला नकार दिला म्हणून उपचारात फरक करता येत नाही. सहीचा रकाना कुठे आहे ते शोधण्याआधी फॉर्मवरची ती ओळ शोधावी. ती सापडली नाही, तर फॉर्म देणाऱ्यालाच ती दाखवायला सांगावे.